डिसऑनरेबली

रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेतली न घेतली तोच लेकीने वही पुढे केली. इयत्ता सातवी, इंग्रजी माध्यम. दहा ॲडव्हर्ब, अर्थ मराठीत, वाक्य इंग्रजीत. नऊ उरकली होती, दहावं होतं ‘डिसऑनरेबली’.

“अप्रतिष्ठितपणे,” मी ठोकून दिलं.

“बाबा, म्हणजे काय?”

आता मराठीचं मराठीत भाषांतर आलं. ‘लांछनास्पद रीतीने’ म्हणून पाहिलं, तर तिने ‘लांछन’मध्ये च काढला. कपाटात मोल्सवर्थ आहे, पण तो मराठीतून इंग्रजीत जातो. उलट्या वाटेचा कँडीसाहेबांचा १८४७चा कोश आमच्याकडे नाही. शेवटी पुस्तकातलं वाक्यच वाचलं : एका सोल्जरला आर्मीतून डिसऑनरेबली डिस्चार्ज केलं.

आई लसूण सोलत होती. “डिस्चार्ज? कुठल्या दवाखान्यातून? बिल बुडवून पळाला असेल.”

मी समजावलं, की ही अमेरिकेच्या सैन्यातली शिक्षा. जनरल कोर्ट मार्शल झाल्याशिवाय देता येत नाही.

“मग तोंड काळं करून हाकलला म्हण की!”

“आजी, यात ॲडव्हर्ब कुठाय?”

“काळं तोंड दिसत नाही होय तुला?”

खरं तर आईचंच बरोबर होतं. आपण खाली मान घालून येतो, शेपूट घालून पळतो, नाक कापून घेतो; ‘पणे’ लावून कुणाची अब्रू गेलेली मी तरी पाहिली नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी, हातात माझा मेंटेनन्सचा तीन हजार दोनशेचा चेक, त्याला टाचलेली बँकेची चिठ्ठी : ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स.

“तुमचा चेक डिसऑनर झालाय,” ते जिन्यातल्या तीन मजल्यांना म्हणाले.

“अहो, खात्यात पैसे आहेत. सही जरा घाईत झाली.”

“कलम १३८! सही न जुळणंही त्यात येतं, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच सांगितलंय. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस. नाहीतर दोन वर्षं आत, किंवा दुप्पट दंड, किंवा दोन्ही!”

समोरचं दार किलकिलं झालं. मी मुकाट्याने दुसरा चेक लिहिला. सही इतकी जपून केली, की तीही जुळेल की नाही कोण जाणे.

आत आलो तर लेकीचं वाक्य तयार : माय फादर साइन्ड द चेक डिसऑनरेबली. व्याकरणात एक चूक काढता येईना.

पानाखाली पालकांची सही हवी होती. मी पेन उचललं.

“राहू दे बाबा,” ती म्हणाली, “आजीची घेते.”