गाडी दारापर्यंत जाते, म्हणून काय झालं?

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकूंनी साधा प्रश्न टाकला. "दिवाळीनंतर शनिवार-रविवार कुठेतरी चालायला जायचंय. वय ६७. रोज सकाळी तासभर चालते. झेपेल असं काही सुचवा." दुपारपर्यंत पंचवीस-तीस उत्तरं. कर्जतचा स्विमिंग पूलवाला बंगला, लोणावळ्याचं रिसॉर्ट, अलिबागचा व्हिला. आणि जवळपास प्रत्येक उत्तराच्या शेवटी तेच वाक्य: "गाडी अगदी दारापर्यंत जाते." अहो, त्यांनी चालायला विचारलंय! एकानेही चालायची वाट सांगितली नाही. शेवटी काकूंनी हात जोडलेला इमोजी टाकला आणि गप्प बसल्या. ते बघून जे डोकं सणकलं ते अजून ताळ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

कर्जत लोकल तुम्हाला सह्याद्रीच्या पायथ्याशी नेऊन सोडते, कसारा लोकलही सोडते, तिकीट वडापावाच्या पैशांत. नेरळ, भिवपुरी, आसनगाव, खोपोली, ही सगळी नावं आपण रोज इंडिकेटरवर वाचतो. आणि शनिवार आला की हीच माणसं एक्सप्रेसवेवर अमृतांजन पुलाच्या जागी तीन तास गाडीत बसून राहतात. याला सुट्टी म्हणतात म्हणे.

तर काकू, तुमचं उत्तर माथेरान. लोक नाकं मुरडतील, "माथेरान काय, शाळेच्या सहलीचं ठिकाण." मुरडू देत. महाराष्ट्रात गाडी दारापर्यंत न जाणारं हे एकच हिल स्टेशन उरलंय, आणि तेवढ्यासाठीच तिथे जायचं. नेरळला उतरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत, तिथे नगरपालिकेची प्रवेश पावती फाडायची आणि तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, सावलीतून, सौम्य चढ. दमलात तर अमन लॉज स्टेशनवरून मिनी ट्रेनची शटल आहे, आता ई-रिक्षाही आहे. नेरळपासून वर येणारी ही मिनी ट्रेन १९०७ पासूनची, दोन फुटी रूळ, साधारण २१ किलोमीटर. पावसाळ्यात नेरळ-अमन लॉज टप्पा बंद असतो, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा.

पहिल्या दिवशी दुपारी ऊन कलल्यावर शार्लोट तलाव, तिथून लॉर्ड पॉइंट, इको पॉइंट, लुईझा पॉइंट. एकाच कडेने चालत राहायचं, घोडेवाल्याला नम्रपणे नाही म्हणायचं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पॅनोरमा पॉइंट. तो उत्तर टोकाला आहे, बाजारातून जाऊन-येऊन दहा किलोमीटरच्या आसपास. म्हणजे काकूंच्या रोजच्या चालीने तीन तास धरा, वर बसायला अर्धा तास. समोर पेबचा किल्ला, एका बाजूला नेरळ आणि दुसऱ्या बाजूला गाढेश्वर धरणाचं पाणी. सूर्य वर आला की परत फिरायचं, कारण नऊनंतर त्या वाटेवर घोड्यांची धूळ सुरू होते. आणि दुपारी पाय शिल्लक असतील तर दक्षिणेकडे अलेक्झांडर, रामबाग, वन ट्री हिल.

माथेरानात पाय घसरतो तो जांभ्याच्या सुट्या खड्यांवर, आणि तो उतरताना. चढताना कुणी पडत नाही. गुळगुळीत तळाचे मॉर्निंग वॉकचे बूट तिथे चालत नाहीत. तळाला खोल खाचा हव्यात, रबर मऊ हवं. पांढरे बूट तर नेऊच नका, लाल मातीचा रंग जात नाही. खाण्याची पिशवी हातात दिसली की माकड ती घेणारच, सगळं सॅकच्या आत ठेवा.

ज्यांच्या पायात जास्त दम आहे त्यांनी माथेरानला टॅक्सीने जाऊच नये. भिवपुरी रोडला उतरायचं, डिकसळ गावातून धरणाच्या कडेने गारबेटच्या पठारावर चढायचं आणि पठारावरून गारबेट पॉइंट गाठून माथेरानात शिरायचं. चार-पाच तास. पठारावर ढोरवाटा फार आहेत आणि सगळ्या सारख्याच मळलेल्या दिसतात. गुरांची वाट झुडपात जाऊन संपते, माणसांची वाट पुढच्या वाडीला जाते. दहा मिनिटांत वाट संपली तर पुढे घुसू नका, मागे या. चुकणाऱ्यांपैकी बहुतेक जण "थोडं पुढे बघू" म्हणून चुकतात. डिसेंबरनंतर वाळलेलं गवत उतारावर आडवं पडतं आणि त्यावरून पाय सरळ सटकतो, तिथे पाऊल आडवं टाकायचं.

आणि आता राजमाची. माझ्या मते मुंबईकराने दोन दिवसांत करावी अशी सगळ्यात सुंदर चाल. पण ती लोणावळ्यातून सुरू करून कर्जतला संपवायची, आणि मध्ये एक रात्र राजमाची किल्ल्याखालच्या उधेवाडी गावात काढायची. जिथून निघालो तिथेच परत यायचं नाही, आर-पार जायचं, यात जी मजा आहे ती गाडीवाल्याला कधीच मिळत नाही. त्याला पार्किंगकडे परत यावंच लागतं.

पहाटेची इंद्रायणी एक्सप्रेस पकडायची, लोणावळ्याला उतरून नाश्ता करायचा आणि तुंगार्लीच्या बाजूने चालायला लागायचं. उधेवाडीपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर, मोठी चढण कुठेच नाही, मळलेला गाडीरस्ता. मधल्या थांब्यांसकट पाच-सहा तास. वाटेत ढाक किल्ल्याकडे जाणारा फाटा फुटतो, तिथे विचारूनच पुढे जायचं. नोव्हेंबरात माणशी तीन लिटर पाणी, दोन नव्हे. रस्ता सपाट आहे म्हणून लोक एक बाटली घेऊन निघतात, पण दुपारी बाराला त्या रस्त्यावर सावली फार कमी असते आणि सपाटीवर माणूस घाम विसरतो. मीठ-साखर घातलेलं एक लिटर वेगळं ठेवा. डोकं दुखायला लागलं म्हणजे पाणी प्यायला आधीच उशीर झालाय.

संध्याकाळी उदयसागर तलाव आणि त्याच्या काठचं शंकराचं देऊळ. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले पाहायचे असतील तर पहिल्या दिवशी मनरंजन आणि दुसऱ्या दिवशी पहाटे श्रीवर्धन. दोघांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आहे, वाटा तिथूनच फुटतात. मग भाकरी खाऊन कोंढाणे लेण्यांकडे उतरायला लागायचं. सलग दोन-अडीच तास जंगलातला उतार, तळाशी लेणी, पुढे कोंदिवडे, तिथून टमटमने कर्जत.

काकू, ही उतराई तुमच्यासाठी नाही, निदान यंदा नाही. पण लोणावळ्याकडून उधेवाडीपर्यंतची चाल? डिसेंबरात, महिनाभर तयारी करून, नक्की. परत जीपने या. हो, जीपने. मान्य आहे, इथे गाडीच कामाला येते. गुडघे दुखणाऱ्यांना, कडेवर मूल असणाऱ्यांना गाडी लागते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती धडधाकट पायांनी ग्रुपवर "दारापर्यंत" लिहिणाऱ्यांबद्दल.

नाणेघाटाचंच बघा. जुन्नरच्या बाजूने गाडी थेट घाटमाथ्यावर जाते. लोक येतात, दगडी रांजणासोबत फोटो काढतात, वीस मिनिटांत परत. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातून माल घेऊन माणसं ज्या वाटेने वर चढली, ती वाट वैशाखरे गावाजवळून आजही जाते आणि तिला अडीच-तीन तास लागतात. कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी फाट्यावर सोडते. घाम गाळून वर आल्यावर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असलेली गुहा समोर येते, तेव्हा ती कुणासाठी खोदली होती ते शरीरालाच कळतं. चढून आलेल्याला बसायला! गाडीतून उतरलेल्याला हे काय कळणार?

ज्यांना डोंगर नकोच, त्यांनी अलिबागला जावं, पण व्हिलात बसायला नाही. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, मांडव्याहून अलिबाग, आणि ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत. वेळ काढायचा हिशेब कोळी बांधव पूर्वीपासून करतात: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थीला पहाटे तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. तृतीया ते पंचमी हे दिवस उत्तम, पाणी सकाळी उतरलेलं असतं आणि ऊन कोवळं असतं. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप मागे जातं, पण सहाच्या आसपास, म्हणजे एक तर फार लवकर किंवा अंधाराच्या तोंडावर. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस असल्याने पाणी पुरेसं हटत नाही. हिशेब अंदाजाचा आहे, वेळ किनाऱ्यावर विचारून पक्की करा आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात परत फिरा. दुसऱ्या दिवशी अक्षी ते नागाव वाळूवरून चाला, पाण्याच्या कडेच्या ओल्या, घट्ट वाळूवरून. कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात. अक्षीत मराठीतल्या जुन्यात जुन्या शिलालेखांपैकी एक उभा आहे, तोही बघा. काकूंना हेही सहज जमेल, उलट माथेरानपेक्षा सोपं.

लोहगड मात्र सध्या रविवारी नको. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात लोहगड आहे, आनंदच आहे. पण पावसाळी रविवारी तिथल्या पायऱ्यांवर माणसाला माणूस चिकटलेला असतो, वरचा खाली येऊ शकत नाही आणि खालचा वर जाऊ शकत नाही. आठवड्यातला मधला दिवस मिळाला तर मळवलीला उतरा, भाजे लेणी, गायमुख खिंड, लोहगड, विंचूकाटा, अशी चाल करा. नाहीतर तेवढाच वेळ समोरच्या विसापूरच्या तटबंदीवर घालवा.

आणि ते स्पीकरवाले! पाठीवर ब्लूटूथ स्पीकर लटकवून किल्ला चढणारे. देवळाशेजारी, लेण्यात, रात्री अकराला वाडीत, कुठेही. वाडीतली माणसं पहाटे उठून कामाला जातात. मे अखेर काजवे बघायला राजमाचीला येतात आणि गाड्यांचे हेडलाइट चालू ठेवतात. अहो, तो उजेड मादीला बोलावण्यासाठी असतो, तुमच्या दिव्यात तो तिला दिसणार कसा? कड्याखाली आग्या मोहोळ असतं, तिथे शेकोटीचा धूर आणि अत्तराचा घमघमाट केला की माश्या उठतात आणि मग चावे पळणाऱ्या प्रत्येकाला बसतात, एकट्या स्पीकरवाल्याला नाही. इतकं साधं आहे हे. कुणीतरी ओरडून सांगायला हवं, ते कुणी सांगत नाही.

पावसाळ्याबद्दल एवढंच: हिरवळीवर चाला, पाण्यात उतरू नका. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही वर डोंगरात तो कोसळत असतो. पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहत यायला लागला, आवाज बदलला, की सामान सोडून काठावर. ओढा ओलांडताना पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा, दोन-तीन तासांत बहुतेक ओढे उतरतात. जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघालेले असतील तर जाऊच नका. त्यावर चिडणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आता काकू, तयारी. रोज तासभर चालता ते उत्तम, पण ते सपाटीवर. डोंगरात गुडघा बोलतो तो उतरताना, आणि उतरण्याचा सराव मुंबईत जिन्यावरच होतो. लिफ्टने वर जा आणि चालत खाली या, उलट नाही. पहिल्या आठवड्यात रोज चार मजले, मग आठ, मग बारा, कठड्याला हात लावून, टाच न आपटता. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. त्याच दिवशी कापली तर कोपरे दुखतात, आणि वाढलेली ठेवली तर उतारावर बुटाला धडकून काळी पडतात. उतरायला लागण्याआधी घोट्याजवळची नाडी आवळून घ्या म्हणजे पाय पुढे सरकत नाही. नवे बूट आधी पंधरा दिवस घरात-बाजारात वापरा. जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही आणि मांड्या सोलते. एक काठी, एक विजेरी, पाठीवर पाच किलोच्या आत ओझं. गूळ-शेंगदाणे, दशम्या, काकडी. बिस्किटांनी तोंड कोरडं पडतं.

उधेवाडीत राहायचं तर ज्या घरी उतरणार त्यांना आदल्या दिवशी फोन करून माणसं किती, शाकाहारी किती ते सांगा. पोचल्यावर सांगितलं तर रात्री नऊपर्यंत जेवण मिळत नाही आणि मग लोक गावाला नावं ठेवतात. पैसे रोख न्या, सुटे न्या, वर रेंजचा भरवसा नाही. घासाघीस करू नका. बेत रद्द झाला तर तेही कळवा, कारण तुम्ही सांगितलेल्या आकड्यावर तांदूळ भिजलेला असतो आणि दुसऱ्या कुणाला नाही म्हणून सांगितलेलं असतं.