'सोयीचा धर्म' म्हणणाऱ्या वाचकास

योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसावरच्या माझ्या लेखाखाली एका निनावी वाचकाने लिहिलंय : "वर्षभर हवं तसं वागायचं नि एक दिवस उपाशी राहून पाटी कोरी करायची. सोयीचा धर्म आहे. (जेरुसलेमचं) मंदिर पडलं, बळी थांबले, मग प्रायश्चित्त होतं कशाने, हे तुम्ही टाळलंत. आणि उपास २४ तासांचा नसतो."

शेवटचं खरं. आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताआधीपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, २५ तास तरी होतात. मान्य.

पण 'सोयीचा'? टीका जरूर करा. दुसऱ्याच्या घरच्या सगळ्यात मोठ्या दिवसाबद्दल असं फाटक्या तोंडाने बोलायची ही कुठली रीत? मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, योमा या भागात सरळ लिहिलंय : देवाविरुद्धची आगळीक या दिवशी माफ होते, माणसाविरुद्धची होत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढायची. हे लेखात होतं. वाचलंत की नुसती कमेंट ठोकलीत?

आणि मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. आमचं घर रेवदंड्याकडचं, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजी या दिवसाला दरफाळणीचा सण म्हणायची. पांढरे कपडे, दारं लावलेली, पोटात पाण्याचा थेंब नाही, बाहेरच्या कुणाशी शब्द नाही. गाठीभेटी दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला. बांधावरून चुलत्यांशी अबोला होता. सणाच्या आधी बाबा त्यांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. चुलते उठून आत गेले. बाबा पुन्हा गेले, कारण शास्त्र तीनदा माफी मागायला सांगतं. चुलते पुढे बोलले की नाही हा आमच्या घरचा प्रश्न. पण भर आळीत तसं ताटकळून पाहा एकदा, मग सोयीचं बोलू.

बळीचं म्हणाल तर इ.स. ७० मध्ये मंदिर गेलं, तेव्हापासून पश्चात्ताप, प्रार्थना आणि दान यांवर सगळा भार आहे. दोन बोकडांचा विधी आमच्या धर्मग्रंथातल्या लेवीय या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात आहे, आमच्या मशिदीत (हो, आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात) त्या सकाळी तोच वाचतात. त्यात शिरलो तर तीन लेख होतील, तेवढी सवड मला नाही.

आजारी माणसाला या दिवशीही खायला घालतात. यालाही तुम्ही सोयच म्हणाल. म्हणा बापडे. पुढची कमेंट मात्र नाव लिहून करा, बिननावाची छापणार नाही.