मारुती पाण्याची उंची सांगतो, वेळ कोण सांगणार?

पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की आम्हा नाशिककरांचा पहिला प्रश्न ठरलेला. रामकुंडाजवळच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की छातीपर्यंत? भांडी बाजारात वडिलांचं दुकान आहे. कमरेला पाणी लागल्याचं कळलं की ते खालच्या फळीवरचे हंडे-पातेली माळ्यावर चढवायला घेतात. 2008 चा सप्टेंबर, 2016 आणि 2019 चे ऑगस्ट, तिन्ही वेळा या हिशोबानेच आमचा माल वाचला.

पण हा हिशोब विसर्गाच्या पुराचा आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडतात, आधी इशारा येतो, मग टप्प्याटप्प्याने क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) वाढवत नेतात. धरण फुटलं तर पाणी असं पायरी-पायरीने चढत नाही.

आधीच स्पष्ट सांगते, गंगापूर धरणाला धोका आहे असं मी म्हणत नाही. मी सिव्हिलच्या मुलांना हायड्रॉलिक्स शिकवते आणि धरणफुटीच्या पुराचं मॉडेल संगणकावर कसं चालवायचं हे त्यांच्याकडून करून घेते. ‘हेक-रास’ हे सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळतं. धरणात किती पाणी आहे, भगदाड किती रुंद आणि किती वेळात पडलं, खाली जमिनीचा चढउतार कसा आहे, एवढं त्याला द्यावं लागतं. त्यातून प्रत्येक ठिकाणी पाणी किती खोल, किती वेगाने आणि किती वाजता पोहोचेल ते निघतं. माझ्या मते यातलं शेवटचं उत्तर सगळ्यात मोलाचं. खोली कळली तर माल वाचतो, वेळ कळली तर माणूस वाचतो.

पाण्याचा अंदाज यावा म्हणून एक साधं गणित. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी एका तासात बाहेर पडलं, तर सरासरी प्रवाह होतो पावणेतीन लाख क्युसेकच्या वर. गंगापूर मातीचं धरण आहे. मातीच्या धरणात पाणी वरून वाहिलं किंवा आतून झिरपत माती घेऊन गेलं, तर भगदाड हळूहळू रुंदावतं. ते अर्ध्या तासात रुंदावलं की दोन तासांत, यावर धरणाजवळच्या वस्तीला मिळणारा वेळ ठरतो. खाली सायखेडा-चांदोरीपर्यंत जाता जाता हा फरक बराच निवळतो, पण शहरातली आनंदवल्ली आणि पंचवटी त्या मानाने धरणाच्या बरीच जवळ आहेत. म्हणून एकच आकडा देऊन भागत नाही. वेगवेगळी भगदाडं धरून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवावं लागतं. वर काश्यपी आणि गौतमी ही धरणंही आहेत, तीसुद्धा यात घ्यायलाच हवीत. 1961 साली पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं.

मुलांनी पहिल्यांदा मॉडेल चालवलं तेव्हा होळकर पुलाच्या मागे भलंमोठं तळं साचलेलं दिसलं. उपग्रहाच्या उंचीनकाशात पूल म्हणजे नदीत घातलेली भिंत झाली होती, कमानींतून पाणी जातं हे त्याला कसं कळणार! मुलांनी पूल नकाशातून खोदून काढला, पात्राची उंची दुरुस्त केली, तेव्हा कुठे पाणी पुढे सरकलं. या नकाशाची एकेक चौकट तीस मीटरची, तीत घाटाच्या पायऱ्या आणि सराफ बाजारातल्या बोळांचा पत्ताच लागत नाही. गल्लीपर्यंतचं उत्तर हवं असेल तर गल्लीचीच मोजणी करावी लागेल.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने अस्तित्वातल्या मोठ्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा पाच वर्षांत तयार करणं बंधनकारक केलंय. तो कायदा 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे, म्हणजे मुदत 2026 संपताना संपते. राज्याची धरण सुरक्षितता संघटना आपल्याच गावात, दिंडोरी रोडवर आहे. ज्ञान बाहेरून आणायची गरज नाही. पण आराखडा कपाटातल्या फायलीत राहून चालणार नाही. तो उघड केला तर लोक घाबरतील, असं म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिवऱ्याच्या धरणाखालच्या लोकांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. 2 जुलै 2019 च्या रात्री धरण फुटलं आणि माणसं घरांसकट वाहून गेली. धरणाखाली राहणाऱ्यांना भीती असतेच, कुठे पळायचं तेवढं त्यांना सांगा.

शहरात पूररेषा आखल्यात, निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणफुटीचं पाणी यांपैकी कुठल्याच रेषेत बसत नाही. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. धरण भरलेलं असण्याचे नेमके तेच दिवस, आणि रामकुंडावर लाखो माणसं, बहुतेक परगावची. त्यांना दुतोंड्या मारुतीही माहीत नाही. कुठल्या बोळातून वर चढायचं, हे घाटावर मोठ्या अक्षरांत लिहायला आणि भोंगा वाजवून एकदा सराव घ्यायला किती खर्च येतो?

मागच्या बुधवारी बाजार उठल्यावर वडिलांना घेऊन दुकानापासून रविवार कारंजापर्यंत चालत गेले. मोबाइलवर वेळ लावली होती. त्यांचे गुडघे दुखतात, चढावर दोनदा थांबलो. अकरा मिनिटं लागली. वर पोहोचल्यावर धापा टाकत त्यांनी विचारलं, “आणि पाण्याला किती लागतील?”