आम्हाला घाम येतो

“पाळी बंदवाल्या कोण आहेत? आत चला!”

आयुर्वेदिक दवाखान्याची बाहेरची खोली, भिंतीवर धन्वंतरी, बाकांवर गुडघे, मूळव्याध आणि सर्दीची मुलं, आणि त्यात ही खणखणीत हाक. मी उठले. माझ्यासोबत कोपऱ्यातल्या आणखी एक बाई उठल्या. हाक त्यांना होती. मला “तुमचं नाही हो, बसा” असं सांगण्यात आलं. म्हणजे नंबर लागला नाही तो नाहीच, आणि मी फुकटात जाहीर झाले. सर्दीवाल्या पोराच्या आईने माझ्याकडे इतक्या सहानुभूतीने पाहिलं की मला तिथल्या तिथे एक हॉट फ्लश येऊन गेला.

शेजारी एक काका होते. झब्बा, मांडीवर फाइल, पलीकडे काकू.

“तुमचंही बंद का, ताई?” काकांनी आपुलकीने विचारलं. “आमचं केव्हाच झालं.”

मी काकांकडे पाहिलं. काका गंभीर होते.

“आम्हाला शेवटची आली ती गौरीजेवणाच्या दिवशी. सगळा घोळ! पुरण शिजतंय, सवाष्णी यायच्यात, आणि आम्ही बाजूला. त्यानंतर मात्र नाही. पूर्ण वर्ष गेल्याशिवाय बंद झाली असं म्हणायचं नसतं, बरं का. आम्ही मोजलं वर्ष.”

हे शेवटचं त्यांचं बरोबर होतं. सलग बारा महिने कोरडे गेले की मगच रजोनिवृत्ती म्हणतात. त्यामुळे काकांना थांबवायचं कसं, हा प्रश्न आणखी अवघड झाला. साफ चुकीचं बोलणाऱ्याला निदान तोडता तरी येतं.

“घाम येतो का हो रात्री? आम्हाला फार येतो. दोन-दोनदा गाऊन बदलावा लागतो.”

सर्दीवालं पोरगं शिंकायचं थांबलं.

“काकूंना?” मी आशेने विचारलं.

“हो हो, तिलाच,” काका म्हणाले आणि पुढच्याच वाक्याला परत स्वतःत शिरले. “चिडचिड तर विचारू नका. परवा आम्ही पोळपाट आपटला. तुम्ही अशोकारिष्ट घ्या. आम्हाला आमच्या मेहुणीने दिलं होतं, एकदम सुरळीत झालं.”

अशोकारिष्ट वैद्य देतात ते प्रामुख्याने अंगावरून जास्त जाण्यासाठी. जे मुळात बंद झालंय ते सुरळीत करून काका कुठे नेणार होते, देव जाणे. मग शतावरी कल्प झाला (डब्यावरचं साखरेचं प्रमाण वाचायचा सल्ला मात्र त्यात नव्हता), दुधातून अश्वगंधा झाली, आणि शेवटी त्यांनी हात पुढे केला. “बघू, डावा हात द्या. बायकांची नाडी डावीकडे बघतात.”

आता, हीही परंपरा आहे खरी. पण नाडीपरीक्षेचा असा पसारा चरकात, सुश्रुतात सापडत नाही. ती ठळकपणे येते ती बऱ्याच नंतर, शार्ङ्गधरसंहितेत. हजारो वर्षं, हजारो वर्षं म्हणत मनगट मागणाऱ्यांना हे एकदा ऐकवायचं माझ्या फार मनात आहे. तिथे मी फक्त हात पर्सखाली सरकवला.

इतका वेळ छताच्या पंख्याकडे बघत बसलेल्या काकू पहिल्यांदाच बोलल्या. “त्यांना काही होत नाही हो. मला घाम येतो म्हणून मी रात्री पंखा पाचवर करते. मग त्यांना थंडी वाजते, झोप होत नाही. म्हणून मला इथे आणलंय.”

“तेच सांगतोय मी,” काका म्हणाले.

आतल्या वैद्य मात्र चांगल्या होत्या, हे कबूल करायला हवं. माझ्याच वयाच्या, समजूतदार. हा आजार नाही, म्हणाल्या. पित्ताचं वय सरून वाताचं सुरू होतंय. अंगाची आग पित्ताची, आणि कोरडेपणा, सांधे, उडालेली झोप ही वाताची. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं. घरात कोणाला स्तनाचा कर्करोग होता का, विचारलं. वर्षभर बंद राहून पुन्हा डाग जरी दिसला, तर काढा उकळत बसू नका, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, असं दोनदा बजावलं. मी भारावून गेले. म्हणून विचारलं, जुन्या ग्रंथांत याबद्दल बरंच असेल ना? त्या हसल्या. सुश्रुताच्या शारीरस्थानात एक श्लोक आहे: बाराव्या वर्षी सुरू होतं, जरेने शरीर पिकलं की पन्नाशीला क्षय पावतं. याला वेगळा रोग म्हणून प्रकरण वगैरे नाही, कारण म्हातारपण हे भूक, तहान, झोप यांच्यासारखं स्वाभाविक धरलंय.

स्वाभाविक आहे ते ठीक. पण तो श्लोक लिहिणाऱ्याला पहाटे तीनला घामाने भिजून जाग आली असती, तर एखादा अध्याय तरी नक्की निघाला असता.

मग कागद हातात आला. ब्राह्ममुहूर्तावर उठणे. तिळाचं तेल कोमट करून सर्वांगाला अभ्यंग, ते मुरेपर्यंत थांबणे, मग गरम पाण्याने स्नान. ताजं, गरम, वेळेवर जेवण. एक औषध जेवणाआधी, एक नंतर, एक रात्री दुधातून. चहा, लोणचं, शिळं बंद. दुपारी झोप नको, रात्री जागरण नको. रोज चालणे. आणि तळाशी, अधोरेखित: मन प्रसन्न ठेवणे.

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही, तीच तर पंचाईत आहे. पण ताजं, गरम, वेळेवर जेवण रांधायचं कोणी? शिळं मी खात नाही म्हटल्यावर कालची भाजी जाणार कोणाच्या पानात? त्या कागदावर घरातल्या दुसऱ्या कोणासाठी एका ओळीचंही पथ्य नव्हतं. ज्या बाईला आधीच उसंत नाही म्हणून झोप उडालीय, तिलाच पहाटेपासूनची नवी कामं, आणि वर प्रसन्न राहायचं. अंगाला तेल चोपडून ते मुरायची वाट बघत उभं राहिलं की घरातल्या प्रत्येकाला नेमकं तेव्हाच काहीतरी सापडेनासं होतं. तेलकट हाताने मी मुलाचं आधारकार्ड शोधून दिलंय. चिडचिड वाताची म्हणे. असेल. थोडी आधारकार्डाचीही असावी.

एका ओळीवर मात्र माझी भिस्त होती. झोपताना काशाच्या वाटीने तळपाय घासणे, शक्यतो दुसऱ्याकडून. ते “दुसऱ्याकडून” मी नवऱ्याला बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यानेही आढेवेढे घेतले नाहीत. मॅच चालू होती, त्यामुळे षटक संपलं की पाय बदलायचा असं ठरलं. डाव्या पायाला वाइड आणि नो-बॉल धरून भरपूर मिळालं. उजव्याच्या वेळेला विकेट पडली आणि वाटी हातात तशीच राहिली. तरी झोप लागली, खोटं कशाला बोलू. वाटीची कमाल की नुसतं कोणीतरी माझे पाय मांडीवर घेऊन बसल्याची, ते सांगता येणार नाही.

सकाळी मी तेलाने माखलेली चादर भिजत घालत होते, तर बाहेर हा नणंदेशी फोनवर बोलत होता.

“नाही गं, बरं आहे आता. आम्ही पादाभ्यंग सुरू केलंय. फार फरक पडतो. तू भावजींना सांग, तुझंही करतील.”

मी चादर तशीच टाकली आणि चहा ठेवला, आल्याचा, कडक. एकच कप.