मशीनची तुलना मसाजशी नको, चालण्याशी करू

नमस्कार. व्यायामानंतर थकलेल्या पायांसाठी ईएमएस मशीनपेक्षा (त्वचेवर लावलेल्या पॅडमधून विजेचे हलके झटके देणाऱ्या यंत्रापेक्षा) मसाज बरा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची तक्रार अशी की, मी मसाजच्या प्रेमात आहे. मशीनही स्नायू आकसवतं, रक्त खेळवतं, लॅक्टिक ॲसिड काढून टाकतं, मग ते कमी कसं?

एक मुद्दा मान्य. लेखात मी मशीनचे दोन मोड एकत्र केले, ती माझी चूक. रिकव्हरीच्या, म्हणजे थकवा उतरवण्याच्या मोडमध्ये साधारण १ ते १० हर्ट्झवर (सेकंदाला १ ते १० झटक्यांवर) स्नायू नुसता फडफडतो. ताकदीच्या मोडमध्ये, ५० हर्ट्झच्या आसपास किंवा वर, तो आवळून धरला जातो आणि तो स्वतःच एक व्यायाम असतो. पाय दुखू शकतात ते या दुसऱ्या मोडने.

लॅक्टिक ॲसिडचं मात्र पटत नाही. व्यायामातलं लॅक्टेट (ज्याला आपण लॅक्टिक ॲसिड म्हणतो ते) शरीर तास-दीड तासात स्वतःच वापरून टाकतं. पाय ठणकतात ते एक ते तीन दिवसांनी, म्हणजे त्याचं कारण लॅक्टेट नाही. मसाजही लॅक्टेट काढत नाही! २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या प्रयोगात ११ तरुणांनी दमेपर्यंत सायकल चालवली, मग त्यांच्या एकाच पायाला १० मिनिटं मसाज दिला. दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे नमुने तपासले तेव्हा लॅक्टेट सारखंच होतं, पण मसाज झालेल्या पायात दाहाचे संकेत कमी होते. २०१८ मध्ये व्यायामानंतरच्या रिकव्हरीच्या उपायांवरचे ९९ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यातही दुखणं आणि थकवा कमी करण्यात मसाज सर्वांत पुढे होता. विजेच्या उत्तेजनाने, म्हणजे अशा मशीनने, दुखण्यात फरक दिसला नाही.

तरी मसाजने दुसऱ्या दिवशी वेग किंवा ताकद वाढते, असा पुरावा नाही. हे मी लेखात ठळकपणे लिहायला हवं होतं.

मशीनचा खरा प्रतिस्पर्धी मला वेगळाच वाटतो. पोटरी आकसली की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं, मशीनचा फायदा तो हाच. पण हे काम रमतगमत चालतानाही होतं, शिवाय तेव्हा सगळं शरीर हलतं. म्हणून चालता येत असेल, तर मी चालायलाच सांगेन.

स्पर्धेनंतर लगेच सहा तास गाडीत बसावं लागतं, असं तुम्ही लिहिलंय. तिथे चालणं शक्य नाही, तेव्हा मशीन जरूर वापरा: पॅड पोटऱ्यांवर, कमी हर्ट्झचा मोड, स्नायू हलेल पण दुखणार नाही इतपतच जोर. पेसमेकर असलेल्या सोबत्याला मात्र ते लावायला देऊ नका.