‘केबल बदला’ म्हणालो, तिथेच चुकलो: एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू येऊन तीन आठवडे झाले. आधी दोष सापडू दे, मग लिहू, असं ठरवल्यामुळे उशीर झाला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एनर्जी मीटरच्या गेटवेचं (मीटरची रीडिंग सर्व्हरला पाठवणाऱ्या आमच्या बोर्डाचं) नेटवर्क दिवसातून दोन-तीनदा जातं, पॉवर बंद-चालू केली की येतं, सपोर्टकडे ‘केबल बदला’ यापलीकडे उत्तर नाही, आणि आम्ही चायनाच्या बोर्डावर स्टिकर लावून विकतो. खाली पिंगचा फोटो, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघायच्या चाचणीचा. यातली स्टिकरची गोष्ट सोडली तर बाकी सगळं खरं आहे. केबल बदला असं फोनवर सांगणारा मीच होतो. तुम्ही ती तीनदा बदललीत, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

रिव्ह्यू वाचून पहिले दोन आठवडे आम्ही हार्डवेअरमागे धावलो. इथरनेट, म्हणजे केबलवरचं नेटवर्क, मधूनच जातं म्हटलं की आमच्या धंद्यात सगळ्यांचा हात आधी स्कोपकडे, म्हणजे सिग्नल बघायच्या यंत्राकडे जातो. केबल आणि प्रोसेसर यांच्यामधल्या फाय चिपचं ५० मेगाहर्ट्झचं क्लॉक ±५० पीपीएमच्या आत आहे का, १२.१ किलोओहमचा बायस रेझिस्टर बरोबर बसलाय का, रिसेट पुरेसा वेळ खाली राहतो का, सगळं तपासलं. सगळं ठीक. ओव्हनमध्ये तापवलं, तरी ठीक. शेवटी फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्राम) बघणाऱ्या आमच्या मुलीने तुमचा फोटो मोठा करून वाचला आणि म्हणाली, सर, उत्तर यातच आहे.

लॅपटॉप थेट बोर्डाला जोडून तुम्ही पिंग केलं होतं. सुरुवातीला उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत. मग एकदम १०००. बऱ्याच वेळाने २०००, मग ३०००, मग शांत. केबल खराब असती तर मधली मधली पॅकेट गळाली असती; अशा बरोबर एकेका सेकंदाच्या पायऱ्या पडल्या नसत्या. पिंग सेकंदाला एक जातं. म्हणजे बोर्ड आत्ताचं पॅकेट तसंच ठेवून घेत होता आणि पुढचं आल्यावर आधीच्याचं उत्तर देत होता. आधी एकाने मागे, मग दोनने, मग तीनने.

झालं होतं असं. बोर्डावरच्या आमच्या एसटीएम३२एफ४०७ प्रोसेसरमध्ये आलेली पॅकेट ठेवायला मेमरीत चार खण केले होते. पॅकेट आलं की इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक, येतो आणि ते उचलणारा टास्क (प्रोग्रामचा तेवढा भाग) जागा होतो. पण त्याच क्षणी बोर्ड स्वतः सर्व्हरला रीडिंग पाठवत असेल तर ड्रायव्हरला, म्हणजे नेटवर्क चालवणाऱ्या प्रोग्रामला, कुलूप असतं. आमचा टास्क ते कुलूप बघून थांबायच्या ऐवजी रिकाम्या हाताने परत जाऊन झोपायचा. दारावरची बेल ऐकून पोरगा उठला, आतून कडी दिसली म्हणून पुन्हा येऊन बसला, तसं. पत्र पेटीतच राहिलं. असं चार वेळा झालं की चारही खण भरलेले, नवीन पॅकेटला जागा नाही, म्हणून नवीन इंटरप्ट नाही, म्हणून टास्क कधीच उठत नाही.

बाकी बोर्ड मात्र टुणटुणीत. डिस्प्लेवर युनिट चालू, लिंकचा दिवा चालू, बोर्ड बाहेर पाठवत राहतो म्हणून दुसरा दिवाही लुकलुकतो. बोर्ड अडकला तर तो रिसेट करणाऱ्या वॉचडॉगलाही शंका येत नाही. म्हणूनच फोनवर ‘दिवे चालू आहेत ना, मग बोर्ड ठीक आहे’ असं मी छातीठोकपणे सांगत होतो.

ही टक्कर काही मायक्रोसेकंदांच्या फटीत होते. आमच्या टेबलावर एक लॅपटॉप आणि छोटा स्विच, तिथे ती आठवडाभरात एखाद्या वेळी होणार. तुमच्याकडे त्याच नेटवर्कवर कॅमेरे, प्रिंटर, ऑफिसचे पीसी, सगळ्यांचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सर्वांना उद्देशून पाठवलेल्या पॅकेटचा, गोंगाट. तिथे चार टकरा जेवणाच्या सुट्टीपर्यंत पूर्ण. दोष कळल्यावर आम्ही इथे फ्लड पिंग (न थांबता पिंगचा मारा) लावून बोर्डाला सतत पाठवायला लावलं, आणि जुनं फर्मवेअर चहा येईपर्यंत झोपलं. घाईत आधी चाराचे आठ खण केले. त्याने बंद पडायला जास्त वेळ लागला, एवढंच. आता टास्क कुलूप उघडेपर्यंत थांबतो, एकदा उठला की खण रिकामे होईपर्यंत उचलत राहतो, आणि खण संपल्याचा वेगळा इंटरप्टही चालू केला आहे. शनिवार-रविवार फ्लड पिंग सोडून ठेवलं होतं, सोमवारी उत्तर मिलिसेकंदाच्या आतच होतं.

तुमच्या लॉगमध्ये आणखी एक प्रकार दिसला. कन्व्हेअरचा ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट) सुरू होताना कधीकधी लिंकचा दिवाच दोन-तीन सेकंद जातो. हा दोष वेगळा. तुमची नेटवर्कची केबल मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून गेली आहे, ती वेगळी करावीच लागेल. पण लिंक परत आल्यावर वेग आणि डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी पाठवायचं की आळीपाळीने) नव्याने वाचून प्रोसेसरमधल्या नेटवर्क कंट्रोलरला सांगायचं काम आमचं, आणि आम्ही ते फक्त सुरुवातीला एकदा करत होतो. तेही दुरुस्त केलंय.

आता स्टिकरचं. चिप बाहेरच्या आहेत, कोरी पीसीबी बाहेरून छापून येते, हे मी कधी लपवलं नाही. पण सर्किट आणि लेआउट भोसरीत, माझ्या समोर काढलेलं आहे. कधीही या, फाइल उघडून दाखवतो. वर सांगितलेली चूकही शंभर टक्के स्वदेशी आहे.

हा बोर्ड घेतलेल्या इतरांसाठी: स्टेटस पेजवर फर्मवेअर १.७ किंवा त्याआधीचं दिसत असेल तर हा दोष तुमच्याकडेही आहे, अजून जाणवला नसला तरी. नवीन १.८ एसडी कार्डवर फुकट पाठवतो. बोर्ड परत पाठवायची गरज नाही.

सर, तुमच्याकडे गुरुवारी आमचा माणूस कार्ड घेऊन येतोय, येण्याजाण्याचा खर्च आमचा. बोर्ड ठेवायचेच नसतील तर तोच घेऊन येईल आणि पूर्ण पैसे परत करू. ठेवणार असाल तर ट्रेमधली केबल हलवायला तुमचा इलेक्ट्रिशियन तासभर मोकळा ठेवा, आणि ड्राइव्ह दोन-चारदा चालू-बंद करायची परवानगी प्रॉडक्शनकडून आधीच घेऊन ठेवा.