टाळ्या कधी वाजवायच्या?

वाद सुरू झाला बाळ्याच्या एका वाक्यावरून. खेळाडू मैदानात कोसळला की प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा गजर करावा, त्याला बळ मिळतं, असं तो म्हणाला. डॉकनं तिथेच अडवलं.

"हृदय बंद पडलेल्याला काही ऐकू जात नाही रे. आणि जो त्याची छाती दाबतोय, त्याला तुझ्या गजरात एईडीचा, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा, आवाज ऐकू येत नाही. ते यंत्र बोलून सांगतं, आता हात लावू नका, आता शॉक द्या, आता पुन्हा दाबा. चाळीस हजार माणसं ओरडत असली तर यंत्राच्या दिव्यांकडे बघत काम करावं लागतं."

"मग कोपनहेगनला काय झालं?" बाळ्या पेटला. "१२ जून २०२१, युरो स्पर्धेतला डेन्मार्क-फिनलंड सामना. डेन्मार्कचा ख्रिस्टियन एरिक्सन पडला, आणि फिनलंडचे लोक 'ख्रिस्टियन' ओरडत होते, डेन्मार्कचे 'एरिक्सन' म्हणून उत्तर देत होते. प्रतिस्पर्धी एकमेकांना साद घालत होते. ते चुकलं का?"

"नाही चुकलं. पण ते कधी झालं ते सांग," पंच मध्ये पडला. तो शिट्टी वाजवणारा माणूस, त्याला क्रम लागतो. "थ्रो-इनवर चेंडू घ्यायला गेला आणि कुणाचा धक्का न लागता पडला. रेफरी अँथनी टेलरनं लगेच खेळ थांबवून वैद्यकीय पथकाला हात केला. कप्तान सिमोन केअर धावला. खेळाडूंनी पाठ आत आणि तोंड बाहेर करून कडं केलं. फिनलंडच्या प्रेक्षकांनी आडोसा करायला आपले झेंडे दिले. सीपीआर झाला, म्हणजे छाती दाबत राहिले, एक शॉक बसला, हृदय सुरू झालं, त्याला बाहेर नेलं. त्यानंतर सगळे बातमीची वाट बघत बसले होते, तेव्हा तो गजर झाला."

म्हणजे प्रेक्षकांची पहिली खरी मदत होती ती कापडाची. मला हा मुद्दा फार पटला. गजराच्या चित्रफिती सगळ्यांनी पाहिल्या, पण स्वतःचा झेंडा काढून देणं ही त्या क्षणाची नेमकी गरज होती.

मास्तर शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवतात. त्यांनी विचारलं, "पण डॉक, हा हृदयाचाच प्रकार आहे हे लांबून कळणार कसं? फिट आलेलीही असू शकते."

"तिथेच घात होतो, मास्तर. हृदय बंद पडल्यावर काही क्षण हातपाय झटके देऊ शकतात. तोंडातून घरघर येते, मासा पाण्याबाहेर तडफडावा तसा अधूनमधून आ वासला जातो. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे. तो श्वास नव्हे. धक्का न लागता पडला आणि हाकेला ओ देत नसेल, तर हृदय बंद पडलंय असंच धरून चालायचं. चुकीचं निघालं तर फार काही बिघडत नाही. उलट चूक मात्र जीव घेते. शॉकला उशीर होईल त्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घसरते. सीपीआर चालू असेल तर घसरण मंदावते."

"आणि जीभ घशात जाते ती?"

"बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते, पण 'गिळली' जात नाही. सगळे सहकारी तोंडात बोटं घालून ती ओढत बसतात आणि छाती तशीच राहते. दोन बोटांची ओढाताण दोन मिनिटं खाते."

इथे डॉकनं अब्देलहक नूरीचं नाव काढलं आणि बाळ्यासुद्धा गप्प झाला. आयॅक्स या डच क्लबचा वीस वर्षांचा पोरगा, जुलै २०१७ मध्ये ऑस्ट्रियात सराव सामन्यात कोसळला. मेंदूला कायमची इजा झाली. पाठिंब्यात काहीच कमी नव्हतं. लोक त्याच्या घरासमोर जमले, त्याचे मित्र दुसऱ्या क्लबांत गेले तेव्हा त्याचा ३४ नंबर मागून घेऊन घातला. आयॅक्सनं २०१९ साली लीग जिंकली, ते त्यांचं ३४वं विजेतेपद. पण २०१८ मध्ये क्लबनंच कबूल केलं होतं की मैदानावरचे उपचार अपुरे होते: लक्ष श्वासमार्गावर राहिलं, हृदयाकडे आणि डिफिब्रिलेटरकडे, म्हणजे शॉक देणाऱ्या यंत्राकडे, वेळेत गेलं नाही.

"एवढं प्रेम, आणि पहिली काही मिनिटं हातची गेली," डॉक म्हणाला. "म्हणून मी चिडतो."

"तुझं चिडणं कळतं, पण तू लोकांच्या भावनेला कमी लेखतोस," मास्तर म्हणाले. "प्रेक्षकांतून माणूसही येतो. १७ मार्च २०१२, टॉटनहॅमच्या मैदानावर बोल्टनचा फॅब्रिस मुआंबा पडला. अँड्र्यू डीनर हे हृदयरोगतज्ज्ञ प्रेक्षक म्हणून बसले होते. ते खाली उतरले, आणि मुख्य म्हणजे रखवालदारांनी त्यांना मैदानात सोडलं. मुआंबाचं हृदय ७८ मिनिटं बंद होतं, एकूण १५ शॉक द्यावे लागले. तो वाचला."

पंचानं याला उलटी बाजू जोडली. पुढच्याच महिन्यात इटलीत पेस्कारा इथे मोरोसिनी हा खेळाडू पडला तेव्हा रुग्णवाहिकेच्या वाटेत पोलिसांचीच गाडी उभी होती; काच फोडून ती हटवावी लागली. मोरोसिनी गेला. त्याला नेमकं काय वाचवू शकलं असतं हे त्या गाडीवरून ठरत नाही, पण फाटकातली वाट मोकळी ठेवणं हा पाठिंबाच आहे, असं पंचाचं म्हणणं.

टी-शर्ट, हॅशटॅग यांवर फार वेळ गेला नाही. पैसे गोळा करायचे तर एईडीसाठी करा, यावर चौघांचं एकमत. प्रीमियर लीगनं २०२१ मध्ये तळागाळातल्या मैदानांसाठी डिफिब्रिलेटरचा निधी काढला, तो एरिक्सनच्या धक्क्यातूनच. डॉकची पुस्ती मात्र महत्त्वाची: यंत्र घेतलं की काम संपत नाही. पॅडवरचा चिकट थर वाळतो, म्हणून पाकिटावर मुदत छापलेली असते. बॅटरी संपते. पेटीला कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे तो आलेलाच नसतो. यंत्राशेजारी कात्री, टॉवेल आणि वस्तरा हवा: जर्सी कापायची, घाम पुसायचा, केस दाट असतील तर काढायचे, नाहीतर पॅड चिकटत नाही. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली बरगड्यांवर. यंत्र येईपर्यंत छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेला माणूस उथळ दाबतो आणि त्याचं त्याला कळत नाही.

खरी ठिणगी पडली ती पुढच्या प्रश्नावर. सामना पुन्हा सुरू करावा का? बाळ्या म्हणाला, एरिक्सन शुद्धीवर आहे हे कळल्यावर खेळाडूच तयार झाले. पंच उसळला. "त्यांच्यापुढे पर्याय दोनच होते, त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी. डेन्मार्कचे प्रशिक्षक ह्युलमंड यांनीच नंतर सांगितलं की खेळायला नको होतं. २०२३च्या डिसेंबरात ल्यूटनचा टॉम लॉकियर बोर्नमथला पडला, सामना सोडून दिला, मार्चमध्ये पहिल्यापासून खेळवला. २०२४ मध्ये उदिनेत रोमाचा एनडिका छातीला हात लावून बसला, ७२व्या मिनिटाला खेळ थांबला, उरलेला वेळ अकरा दिवसांनी खेळला गेला. जगाचं काय अडलं?"

बाळ्याला हे पूर्ण मान्य नव्हतं. पण त्यानं जे उदाहरण दिलं ते सगळ्यांना आवडलं. एरिक्सन पडल्यावर पाच दिवसांनी डेन्मार्कच्या बेल्जियमविरुद्धच्या सामन्यात दहाव्या मिनिटाला चेंडू मुद्दाम बाहेर मारला गेला आणि अख्ख्या मैदानानं मिनिटभर टाळ्या वाजवल्या, एरिक्सनचा नंबर १० म्हणून. "आता सांग, ही वेळ चुकीची होती?"

"ही बरोबर," डॉक म्हणाला. "माणूस इस्पितळात सुरक्षित होता, त्याच्यापर्यंत ते पोचणार होतं. मला भीती वाटते पुढच्या टप्प्याची. 'परत ये, परत ये' या हाकेची. एरिक्सन परतला, छातीत आयसीडी घेऊन, म्हणजे गरज पडली तर आतूनच शॉक देणारं छोटं यंत्र बसवून. इटलीच्या नियमात ते बसत नव्हतं म्हणून त्याचा तिथला क्लब इंटर सुटला, इंग्लंडमधल्या क्लबनं घेतलं, आणि २०२४च्या युरोत त्यानं गोलही केला. पण राफाएल द्वामेना या खेळाडूनं आयसीडी काढून टाकलं आणि तो खेळत राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अल्बानियात मैदानावरच गेला. मुआंबानं डॉक्टरांचं ऐकून चोविसाव्या वर्षी बूट काढले. त्या निर्णयालाही तितक्याच टाळ्या हव्यात."

बाळ्या थोडा वेळ काही बोलला नाही. मग पंचाकडे वळून म्हणाला, "तुम्ही नाणेफेकीच्या आधी काय काय तपासता?"

"जाळं, खांब, चेंडूची हवा, बुटांचे स्टड."

"त्यात एईडी कुठे आहे आणि आणायला कोण धावणार, हे घाल की."

"घालतो," पंच म्हणाला. "आणि एकदा कुणाला तरी तिथून मध्यवर्तुळापर्यंत पळवून घड्याळ लावतो."

"परत येण्याचा वेळही मोज," डॉक म्हणाला. "यंत्र हातात असताना."